खडूची फुली

बोटाला खडू लागला की मला आजही ती जिनिंगची शेड आठवते. निवृत्तीनंतर नातीला पाटीवर बाराखडी गिरवायला शिकवतो, त्यामुळे ही आठवण हल्ली रोजचीच झाली आहे. नोकरीत खून, दरोडे, जाळपोळ पुष्कळ पाहिले. त्यातले बरेचसे विसरलो. हे प्रकरण विसरलो नाही, कारण त्यातली पहिली चूक तपास अधिकाऱ्याची होती, आणि तपास अधिकारी मीच होतो.

मी तेव्हा वणी भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. कापसाची वाईट वर्षे चालू होती. आमचा निम्मा बंदोबस्त खरेदी केंद्रांवर लागलेला असे आणि उरलेला मोर्च्यांवर. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंग एकामागून एक बंद पडत होत्या. राजूरकडच्या रस्त्यावर अशीच एक बंद जिनिंग होती. तिच्या मालकाने आवारात बगिचा केला, पाळणे बसवले आणि कापसाच्या लांबलचक शेडमध्ये ‘कोळशाची खाण’ उभी केली. तिकीट काढायचे, छोट्या गाडीत बसायचे आणि अंधारातून चक्कर मारून यायचे. काळ्या भिंती, लाकडी टेकू, मिणमिणते दिवे, पाणी ठिबकल्याचा आवाज. वळणावर छताची एक जाड तुळई कडकड वाजत हातभर खाली येई आणि थांबे. लोक किंचाळत आणि मग हसत. ज्या गावांतली माणसे रोज खऱ्या खाणीत उतरतात, तिथले लोक खोटी खाण पाहायला पैसे मोजतात, याची आम्ही ठाण्यात थट्टा करत असू. थट्टा करून मीही कुटुंबासह एकदा जाऊन आलो होतो.

दिवाळीच्या सुट्टीतल्या एका रविवारी दुपारी ठाण्याचा फोन वाजला. वळणावरची तुळई हातभर येऊन थांबली नव्हती. ती पूर्ण खाली आली होती. पांढरकवड्याहून आलेल्या एक अंगणवाडी सेविका जागीच गेल्या. त्यांची अकरा वर्षांची मुलगी गाडीत पलीकडच्या कडेला बसली होती, ती वाचली.

मी पोहोचलो तेव्हा शेडबाहेर पाचशे माणूस जमला होता आणि विजेच्या स्विचवर एका म्हाताऱ्याचा हात होता. त्याला सगळे सरदारबुवा म्हणत. खाणीत मजुरांची टोळी सांभाळणाऱ्या आणि कामाची जागा तपासणाऱ्या माणसाला सरदार म्हणतात. आयुष्यभर ते काम करून हा गृहस्थ निवृत्त झाला होता आणि या नकली खाणीत गाडी चालवायला लागला होता. ड्युटीच्या कागदावर त्याचेच नाव होते. मी विचारले, “काय झालं?” तो म्हणाला, “चूक माही आहे, साहेब.”

मालकाचा भाचा तिथे मॅनेजर होता. तो मात्र थांबता थांबत नव्हता. म्हातारा पिऊन येतो, त्याला नीट दिसत नाही, आम्ही कधीचा काढणार होतो. जो न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आधी देतो त्याच्याकडे नीट पाहा, असे मी नव्या शिपायांना शिकवत असे. त्या दिवशी स्वतः शिकवलेले विसरलो. जमाव दगड उचलण्याच्या बेतात होता आणि मला कोणाला तरी गाडीत घालून नेणे भाग होते. मी सरदारबुवाला नेले. जमावाला बरे वाटावे म्हणून साध्या निष्काळजीपणाऐवजी सदोष मनुष्यवधाचे कलम लावले, म्हणजे ठाण्यातून जामीन मिळू नये. न्यायालयाने तीन दिवसांची कोठडी दिली.

तीन दिवस मी त्याला विचारत राहिलो. वैद्यकीय तपासणीत दारूचा अंश सापडला नव्हता, हेही मी बाजूला सारले. सुनेने आणलेला डबा तो तसाच परत करी. “कोणती चूक?” या प्रश्नाला एकच उत्तर येई: “जागा सोडली.” कबुली मिळाली, अशी माझी समजूत झाली. पोलिसापुढची कबुली न्यायालयात टिकत नाही, हे मला ठाऊक होते. पण ती ऐकली की तपास करणाऱ्याचे डोके आळसावते.

तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरी चालू असताना एक बाई ठाण्याच्या पायरीवर येऊन बसली. पूर्वी ती त्याच जिनिंगमध्ये कापूस निवडायला होती, आता शेड झाडत-पुसत होती. मी आत बोलावले तेव्हा दाराची चौकट धरून उभी राहिली.

“साहेब, मले आत टाकसान का?”

“आधी काय केलं ते सांगा, मावशी.”

“म्या पुसली. फुली पुसली.”

तिला पाणी दिले. मग एकेक गोष्ट बाहेर आली. सरदारबुवा रोज सकाळी शिडी लावून वर चढे आणि हातोडीने प्रत्येक जोड ठोकून आवाज ऐके. “चांगलं असलं त खडूनं तारीख टाके, सही करे. खराब असलं त फुली मारे, वर एक अन् खाली खांबावर एक. मॅनेजर मले म्हणे, खडूचं सारं पुसत जाय, खाणीची शोभा जाते.”

“रविवारी फुली होती?”

“होती. खांबावरची पुसली म्या. वरची राह्यली. तिथं माहा हात नाही पुरत.”

मी म्हणालो, “मावशी, त्या शेडमध्ये तर जिकडेतिकडे फुल्या आहेत.”

“त्या पेंटच्या आहेत न, साहेब. नागपूरच्या पेंटरनं सरदारबुवाची फुली पाह्यली. त्याले लय आवडली. म्हणे, हे अस्सल आहे. मंग साऱ्या भिंतीवर त्यानं तशाच काढल्या. ओला पोछा मारून पाहा. पेंटची निघत नाही, खडूची निघते.”

मी जीप काढायला सांगितली. वाटेत पहिला घटनास्थळ पंचनामा उघडला. त्यात माझ्याच सांगण्यावरून लिहिलेले वाक्य होते: ‘भिंतींवर, खांबांवर व छताजवळ सजावटीच्या पांढऱ्या फुल्या आहेत.’ ते वाचून मला स्वतःचीच लाज वाटली.

दोन पंच, बांधकाम खात्याचे एक अभियंते आणि खाणीतले एक निवृत्त ओव्हरमन, म्हणजे सरदारांच्या वरचे अधिकारी, असे बरोबर घेतले. शेडचे सगळे दिवे लावले. तुळई ज्या लोखंडी पट्टीवर येऊन थांबायची, ती पट्टी छताजवळ एका बाजूने लोंबकळत होती. तिच्यावर फुली होती. खालून ती बाकीच्या फुल्यांसारखीच दिसत होती. आधी फोटो घेतले, मग मोजमाप. त्यानंतर ओल्या रुमालाचे टोक फुलीच्या कडेला लावले. रुमाल पांढरा झाला. दुसरे टोक शेजारच्या भिंतीवरच्या फुलीला लावले, ते नुसते धुळीने काळे झाले. खडूच्या फुलीखाली त्या रविवारची तारीख आणि दोन अक्षरांची सही होती.

ओव्हरमन शिडीखाली उभे होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. म्हणाले, “खाणीत ही खूण ओलांडून पुढे कोणी जात नाही. मॅनेजर आला तरी नाही.”

पट्टीचे दोन बोल्ट झिजून तुटले होते. अभियंत्यांनी भोकांचे माप सांगितले आणि माझ्या डोक्यात काहीतरी लखकन चमकले. अटकेच्या वेळचा अंगझडती पंचनामा काढला. सरदारबुवाच्या खिशात सापडलेल्या वस्तूंची यादी होती: तंबाखूची डबी एक, खडूचा तुकडा एक, नवे बोल्ट दोन. खाली माझी सही. मुद्देमालाची पुडी मागवली, पंचांसमोर उघडली आणि बोल्ट भोकांत घालून पाहिले. दोन्ही बरोबर बसले. तीन दिवस ते बोल्ट माझ्या टेबलामागच्या कपाटात होते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मी निघालो होतो आणि संन्याशाची साक्ष माझ्याच कुलपात होती.

वणीच्या हार्डवेअर दुकानदाराने बोल्ट ओळखले. म्हातारा रविवारी भर दुपारी आला होता, घाईत होता, आणि बाकीची दुकाने बंद म्हणून त्याने दुकानदाराला जेवणावरून उठवले होते.

मग मॅनेजरला बोलावले. मी एक शब्द बोललो नाही. दोन्ही बोल्ट टेबलावर ठेवले आणि कागद वाचत बसलो. पाच-सात मिनिटांनी तो आपणहून बोलू लागला.

“गर्दी लय होती, साहेब. सरदारबुवा म्हणे, गाडी बंद ठेवा, मी वणीहून बोल्ट आणतो. मी हो म्हटलं. मंग लोकं बोंबलाले लागले. मी म्हटलं, तो येईस्तोवर दोन-चार चकरा काढून घेऊ.”

“फुली दिसली नव्हती?”

“दिसली न. पण तिथं साऱ्या फुल्याच आहेत, साहेब.”

“कितवी चक्कर होती ती?”

“सहावी.”

सरदारबुवा परतला तेव्हा तुळई पडून मिनिटही झाले नव्हते. मागची गाडी वळणाकडे येत होती. त्याने धावत जाऊन वीज बंद केली. आम्ही त्याचा हात स्विचवर पाहिला, तो हा असा.

मुलीचा जबाब घ्यायला मी महिला शिपायाला घेऊन पांढरकवड्याला गेलो. ती आजीजवळ बसली होती आणि न रडता बोलत होती. “आई पाटी वाचून राह्यली होती. तिले पाट्या वाचायची सवय होती. दवाखान्यातल्या, बसमधल्या, साऱ्या वाचे. म्हणे, ही काहून अशी जळाल्यावानी काढली, एक अक्षर लागून नाही राह्यलं.” प्रवेशद्वारावरच्या सूचनांच्या पाटीबद्दल ती बोलत होती. जुन्या खाणीची वाटावी म्हणून पेंटरने तिची अक्षरे धुरकट करून टाकली होती. नंतर मी ती पाटी जप्त केली. उन्हात धरून वाचायला मला दहा मिनिटे लागली. दुसरीच ओळ होती: दुरुस्तीची खूण असल्यास आत जाऊ नये.

मी विचारले, “मग काय झालं, बेटा?”

“लाकूड पडलं. मागच्या गाडीतले लोक टाळ्या वाजवून राह्यले होते.”

महिला शिपाई लिहिता लिहिता थांबली. मी तिला लिहायला सांगितले नाही.

सरदारबुवाविरुद्ध पुरावा नाही, असा अहवाल न्यायालयात दिला आणि त्याला सोडले. सोडण्यापूर्वी माझ्या समोरच्या खुर्चीवर बसवून मी त्याची माफी मागितली. आरोपीची माफी मागायची नोकरीतली ती माझी पहिली वेळ.

“तुम्ही कायले माफी मांगता?” तो म्हणाला. “खाणीत फुली मारली का आडवी बल्ली लावा लागते. अन् दुसरा भरोशाचा माणूस येईस्तोवर तिथंच उभं राहा लागते. जिंदगीभर उभा राह्यलो. इथं म्हटलं, नकली खाण आहे, अर्ध्या घंट्यात येतो.” मग माझ्या टेबलावरच्या खडूच्या तुकड्याकडे बोट करून म्हणाला, “खाली साऱ्यायले फुली समजते, साहेब. मले वाटलं, वर बी समजत असन.”

मॅनेजर आणि मालक दोघांनाही शिक्षा झाली. मालक अपिलात सुटले. शेड पाडली गेली. पोछा मारणाऱ्या मावशींनी साक्षीत एक शब्द बदलला नाही. त्यांना मी आरोपी न करता साक्षीदार केले, याचा मला आजही अभिमान आहे. बाकी या प्रकरणात अभिमान वाटावा असे माझ्याकडे काही नाही. या प्रकरणानंतर पंचनाम्यात ‘सजावटीचे’ हा शब्द मी कधी लिहू दिला नाही. जे दिसते ते लिहा, ते कशासाठी आहे ते नंतर ठरवू, असे शिपायांना सांगत गेलो. आणि कबुली देणाऱ्या माणसाला, तो नेमकी कशाची कबुली देतो आहे, हे दोनदा विचारत गेलो.

आमच्या घरच्या अल्बममध्ये त्या खाणीतला एक फोटो आहे. अपघाताच्या महिनाभर आधी बगिच्याच्या फोटोग्राफरने वळणावर काढलेला. बायको, मुलगा, सून आणि मी गाडीत बसून हसतो आहोत. आमच्या डोक्यावर, छताजवळ, एक पांढरी फुली आहे. ती रंगाची आहे की खडूची, हे मी भिंग लावून पुष्कळदा पाहिले. फोटोत कळत नाही.