नागाच्या विषावर माझा बॅनर

दिवाळीला नंदुरबारजवळच्या रनाळ्यात घरी आले, तर फाट्यावर माझा फोटो टांगलेला. शेजारी समाजमंडळाच्या अध्यक्षांचा, माझ्याहून दुप्पट मोठा. मध्ये संगणकावरचं एक रंगीत चित्र, आणि वर ‘सर्पदंशावर औषध शोधणाऱ्या गावाच्या लेकीचे हार्दिक अभिनंदन’. औषध? कुठलं औषध, अन् कुणी शोधलं?

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत प्रथिनं आखते. नागाचं विष म्हणजेही प्रथिनंच. त्यातल्या एकाच्या अंगावर एक जागा असते, तिनंच ते आपल्या स्नायूंना चिकटतं आणि माणसाचा श्वास थांबतो. त्या जागेवर आधीच दुसरं काही घट्ट बसवलं, तर विषाला चिकटताच येणार नाही. ते ‘दुसरं काही’ म्हणजे तीन वेटोळ्यांचं एक इवलंसं प्रथिन. संगणक असली हजारो आखून देतो. त्यातली मोजकी निवडायची, जिवाणूंकडून बनवून घ्यायची आणि मग नळीत बघायचं, विषाला खरंच चिकटतात का. बहुतेक चिकटत नाहीत.

चित्र मात्र दरवेळी झकास येतं. विष निळं, आमचं प्रथिन केशरी, दोघं एकमेकांत असे बसलेले की लग्न लावूनच टाकावं. आमच्या सरांनी चाचणी व्हायच्या आधीच ते परिषदेत दाखवून टाळ्या घेतल्या. मी ते कौतुकानं वडिलांना पाठवलं, वडिलांनी समाजाच्या ग्रुपवर टाकलं, आणि पुढचं अध्यक्षांनी बघितलं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी.

सत्कारात शाल झाली, नारळ झाला. मी माईक घेऊन स्पष्ट सांगितलं, "अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. कुणाला साप चावला तर सरळ नंदुरबारला दवाखान्यात न्या." अध्यक्षांनी माईक काढून घेतला. "पाहा, पोरीचा विनय पाहा!" पुन्हा टाळ्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सत्कार करणाऱ्या माणसाला खरं ऐकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

भाऊबीजेनंतर सरांचा फोन आला. आमच्या प्रथिनानं विषाकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं, गोळा होऊन नळीच्या तळाशी बसलं होतं. सर म्हणाले, "चित्र मात्र छान आलं होतं हं."

दुसऱ्याच दिवशी दुपारी अंगणात पिकअप येऊन थांबली. मागच्या बाजूला, कापसाच्या गाठोड्यावर, सातपुड्यातल्या मोलगीकडून दरवर्षी आमच्याकडे कापूस वेचणीला येणारी मावशी आडवी. आमच्या शेतातच पायाला नाग चावलेला. आमचं शेत नंदुरबारच्या रस्त्यावर आहे. तिथून दवाखाना पुढं, आमचं घर मागं. ही माणसं मागं आली होती.

"ताईना घरमा औषध शे ना," तिचा नवरा म्हणाला. तो माझ्या हाताकडे बघत होता. तिच्या पापण्या मिटायला लागल्या होत्या. मी ओरडले, की घरात काही नाही, गाडी फिरवा. वडील अनवाणीच गाडीत चढले. एवढी भीती मला जन्मात वाटली नव्हती, आणि एवढी चीडही.

मावशी वाचली. काही दिवस यंत्रावर श्वास घेत होती. वाचवलं ते घोड्याच्या रक्तापासून काढतात त्या जुन्याच प्रतिविषानं, जे दवाखान्यात आधीपासून ठेवलेलं होतं आणि ज्याचा कुणी कधी सत्कार केला नाही. गावात मात्र बातमी फिरली की ताईचं औषध लागू पडलं. अध्यक्षांनी दुसऱ्या सत्काराची तारीखही धरली.

मावशी नवऱ्यासोबत भेटायला आली, ओसरीवर बसली. वडील तिथंच होते. मी तिला नीट समजावलं, "मावशी, तुले दवाखानाना औषधनी वाचाडं. मन्हाकडे काहीच औषध नही. परत कोणले साप चावना ते आठे येवानं नही, सरळ दवाखानामा जावानं."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग फाटावर तो फोटो कसाना शे?"

वडील उठले, विळा घेतला आणि फाट्याकडे चालायला लागले. अध्यक्ष तेव्हापासून आमच्याशी बोलत नाहीत.