मास्तरांच्या फेऱ्या

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या शिवणाच्या दुकानात मास्तरांची कात्री म्हणजे एक स्वतंत्र सत्ता होती. मशीनवर कोणीही बसावे, काजे-बटणे कोणीही करावीत. कापडावर कात्री फक्त मास्तरांची. सूनबाई शिवणकामाचा रीतसर अभ्यासक्रम पूर्ण करून आली, तेव्हा तिचे प्रमाणपत्र मास्तरांनी स्वतः भिंतीवर टांगले आणि तिला त्याच्याखाली काजे करायला बसवले.

जन्मभर टेबलाशी उभे राहून त्यांच्या डाव्या पायाच्या शिरा फुगल्या होत्या आणि घोट्याजवळची जखम भरत नव्हती. तरी ऑपरेशनचे नाव काढले की मास्तर कानांवर हात ठेवत. भीती सुरीची नव्हती. समोरचा न्हावी अशाच शिरा काढून घेऊन अंथरुणाला खिळला होता. उठून आला तोवर त्याच्या खुर्चीचा ताबा मेहुण्याने घेतला होता, आणि तो अजून सुटलेला नाही.

"पाय गेल्यावर काय कराल?" त्यांच्या पत्नीने विचारले.

"बसून कापेन."

"लोकांचे कान कापण्यात तर तुमचा जन्म गेला, आता कापडही बसून कापा!"

शेवटी सूनबाईनेच एक डॉक्टरीणबाई शोधून काढल्या. त्या पाय फाडत नसत. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, सुईने पाडलेल्या भोकातून बारीक तार शिरेत सरकवायची आणि लेसरच्या उष्णतेने ती शीर आतल्या आत बंद करायची, असा प्रकार होता. भूलही फक्त पायापुरती. मास्तर पडद्याकडे टक लावून पडून राहिले.

"टाके किती घातलेत?" सगळे आटोपल्यावर त्यांनी विचारले.

"एकही नाही."

"मग झालं काय?" मास्तरांना हा धंद्याचा अपमान वाटला. त्यातून पायावर चढवलेला घट्ट मोजा पाहून ते म्हणाले, "हा कोणी बेतलाय? माप तरी घ्यायचं!"

"आजच घरी जा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झोपून राहायचं नाही, भरपूर चालायचं. फक्त मी सांगेपर्यंत एका जागी उभं राहायचं नाही."

सूनबाईने हे शेवटचे वाक्य प्रसादासारखे झेलले.

दुसऱ्या दिवशी मास्तर खडू घेऊन टेबलाशी आले.

"मामंजी, उभे राहिलात?"

"जरा एक रेघ..."

"चाला!"

मास्तर चालू लागले. दुकानाला वळसा घालून खिडकीशी आले, तर कात्री सूनबाईच्या हातात. टेबलावर वकिलांच्या कोटाचे कापड. या वकिलांचा डावा खांदा उतरता होता आणि जीभ त्याहून तिरकी. त्यांचा कोट बिघडला असता, तर सूनबाई पुन्हा कायमची काज्यांवर गेली असती.

"अगं, बाहीचा घेर..." मास्तरांनी सुरुवात केली.

"थांबलात, मामंजी."

उरलेले वाक्य पुढच्या फेरीला आले: "...कमी पडेल!" त्या दिवसापासून मास्तरांची टीका अशी हप्त्याहप्त्याने येऊ लागली. न्हावी दारात उभा राहून मजा बघे.

"मास्तर, माझा मेहुणा तरी बरा!" तो एकदा ओरडला.

मास्तरांनी त्याला उत्तर द्यायला थांबायचे म्हटले, तर आतून आवाज आला, "चाला!"

वकील कोट घालून बघायला आले. त्यांनी हात वर केले, खाली केले, आरशापुढे वळले आणि म्हणाले, "मास्तर, या वेळी तुमचा हात छान बसलाय."

मास्तर फेरीवर होते. ते तसेच पुढे गेले.

पुढच्या तपासणीत जखम भरलेली दिसली. "आता खुशाल उभे राहा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मास्तर दुकानात परतताच सूनबाईने कात्री टेबलावर ठेवली. "काय म्हणाल्या?"

"अजून चालायचंय म्हणे," मास्तर म्हणाले. सोबत गेलेल्या पत्नीने तोंड उघडले, नवऱ्याकडे पाहिले आणि पदर तोंडाला लावून ती आत गेली.

मास्तर मोजा वर ओढून निघाले. खिडकीशी येऊन म्हणाले, "त्या वकिलाचा डावा खांदा..."

आणि पुढे गेले. सूनबाई कात्री पुन्हा हातात धरून खिळल्यासारखी उभी राहिली. फेरी त्या दिवशी जरा लांबलीच.

"...बरोबर पकडलास."