साडूंची काच आणि नवमीची तोफ

सरळ उभ्या असलेल्या कुठल्याही भिंतीला न्यूनगंड यावा, अशी नजर परमेश्वराने फक्त माझ्या साडूंना दिली आहे. ते नाशकातले आर्किटेक्ट. लग्नाला गेले की आधी मांडवाचे खांब बघून "अरेरे" म्हणतात, मग वधूवरांकडे वळतात. 'मोकळा संवाद' व्हावा म्हणून त्यांनी स्वतःच्या स्वयंपाकघराची भिंत पाडली. तेव्हापासून त्यांच्या हॉलमध्ये पाहुण्यांपेक्षा कुकर जास्त बोलतो. मिसळ समोर आली की उजेड कुठून पडतोय ते बघत ताटली तीनदा फिरवतात. तोवर रस्सा गार होतो आणि दोष हॉटेलच्या खिडकीला मिळतो.

अशा माणसाच्या हाती शहरातलं जुनं युद्धसंग्रहालय वाढवायचं काम आलं. दगडी इमारत, आत ढाली-तलवारी, अंगणात तोफ. साडूंनी मागे काचेचं दालन उभारलं आणि तोफ त्यात बंद केली. दार नाही, फट नाही. हवासुद्धा परवानगी काढून आत जाते. "आयुष्यभर लोकांच्या गच्च्या झाकल्या हो," ते मला म्हणाले, "ही एक वास्तू माझी." वास्तुकलेच्या एका मोठ्या मासिकाने फोटोग्राफर पाठवायचं कबूल केलं, तेव्हा तर त्यांची झोपच उडाली.

लोखंडी सांगाडा सातपूरच्या एका वर्कशॉपात झाला होता. तिथल्या मिस्त्रीने विचारलं होतं, "साहेब, खंडेनवमीला तोफेला हार कुठून घालायचा? दारच नाय ठेवलं!"

"मिस्त्री, हे संग्रहालय आहे, देऊळ नव्हे."

आता नवमीला आपल्याकडे पान्यापासून लेथपर्यंत सगळ्यांची पूजा होते. खुद्द साडूंच्या लॅपटॉपला माझी मेहुणी कुंकू लावते आणि ते गुपचूप हात जोडतात. पण तोफ आता 'कन्टेम्पररी' झाली होती.

फोटोग्राफरने नेमका नवमीचाच दिवस दिला. मी शिडी धरायला गेलो. बघतो तर दालनाभोवती ही गर्दी! आसपासच्या गावांतली फौजी घरं दरवर्षीसारखी तोफ पुजायला आलेली. तोफ दिसत होती, हाताला लागत नव्हती. मग त्यांनी काचच पुजली. हळदीकुंकवाची बोटं, चिकटपट्टीने लावलेल्या झेंडूच्या माळा. साडूंचा चेहरा खचलेल्या स्लॅबसारखा झाला.

"आजी, काच आहे ही! डाग पडतात!"

"मंग पुसा की नंतर," पाय घासत पुढे आलेली म्हातारी म्हणाली. "आमचे मालक तोफखान्यात होते. गेले ते परत आले नाय. तुमी दार ठेवायचं इसरले, त्यात माझी काय चूक, बाबा?" आणि तिने कुंकवाचं कपाळ काचेला टेकवलं. बराच वेळ.

गर्दी गेल्यावर साडूंनी वायपर घेतला आणि सगळी काच लख्ख केली. कपाळाएवढी जागा सोडून.

"सर, तेवढं राहिलं," फोटोग्राफर म्हणाला.

"राहू द्या."

"असं छापणार नाहीत, सर."

साडूंनी वायपर खाली ठेवला.

नाहीच छापलं. हल्ली ते त्या दालनाला दार बसवण्याचे नकाशे संग्रहालयाच्या समितीला देतात. समिती म्हणते, पुढच्या बैठकीत बघू. परवा मी नकाशा पाहून चेष्टा केली, "उंबरठा विसरलात की!"

"मुद्दाम नाही ठेवला. पाय उचलत नव्हता तिचा, पाहिलं नाही तुम्ही?" मग नकाशाची गुंडाळी करत म्हणाले, "येत्या नवमीला येईल ना हो ती?"

मी मान डोलावली. तिचं नाव-गाव आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं.