चारबोटेचा हात

शाळेच्या फाटकावरच्या त्या माणसाला सगळे चारबोटे म्हणायचे. नवखा माणूस हे नाव ऐकून आधी त्याच्या हाताकडे बघायचा आणि ओशाळायचा, कारण बोटं पाचच्या पाच होती. नुसती होती असं नाही, चांगली गलेलठ्ठ होती. नाव पडलं होतं ते त्याच्या कामावरून.

शाळा मुलांची, धर्माचं शिक्षण देणारी. पोशाख एकच: पांढरा, बिनकॉलरचा, पायघोळ झगा. आणि त्या झग्याचा एकच नियम, की त्याचा काठ घोट्याच्या बरोबर चार बोटं वर हवा. तीनच मावली तर झगा लोळतोय, म्हणजे पोराच्या मनात गर्व. पाचवं मावलं तर झगा तोकडा, म्हणजे पोराच्या मनात चंचलपणा. असं शाळा काढणाऱ्या मोठ्या गुरुजींनी ठरवून ठेवलेलं. रोज सकाळी चारबोटे फाटकात गुडघा टेकून बसायचा, आडवी बोटं पोराच्या पायाला लावायचा, मान हलवायचा आणि म्हणायचा, "पुढचा." दिवसाचं बोलणं बरंचसं या एकाच शब्दात उरकायचं.

आता चार बोटं म्हणजे कुणाची, हा प्रश्न पडायला हवा. मोठ्या गुरुजींनाही पडला होता. चारबोटे तेव्हा मिसरूड फुटलेला पोरगा, काम मागायला आलेला. गुरुजींनी त्याचा तळहात आपल्या तळहाताला लावून पाहिला, डोळे मिचकावले आणि म्हणाले, "जुळतो. माझ्या गुडघ्यांना आता खाली बसवत नाही. उद्यापासून तू बस." झालं. तेव्हापासून तो हात शाळेचा झाला.

आणि त्याने तो असा जपला, जशा नव्या नवरीने बांगड्या जपाव्यात. त्या हाताने कधी लाकूड फोडलं नाही, गरम पातेलं उचललं नाही, जड कडी ओढली नाही. बायको सगळं करायची आणि वर म्हणायची, "हात शाळेचा, पोट माझं. माझ्या वाट्याला बरा खर्चाचा भाग आला." एकदा मात्र त्याला गांधीलमाशी चावली. हात टम्म फुगला. तरी गडी इमानाने मोजायला बसला, आणि बघता बघता रांगेतला एकेक झगा लांब ठरायला लागला. आख्खी शाळा गर्विष्ठ निघाली. पोरं रडकुंडीला आली. मोठे गुरुजी बाहेर आले, फुगलेला हात पाहिला आणि तिथल्या तिथे पायरीवर बसून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "आज हात सुट्टीवर आहे," म्हणाले, "म्हणजे शाळाही." पोरं उधळली. ती गोष्ट गावात पुढे कितीतरी वर्षं पुरली.

मोठे गुरुजी गेले. मधे एक-दोघे अधीक्षक आले नि गेले. मग हे नवे आले.

नवे अधीक्षक तरुण, सडपातळ. आवाज कधी चढायचा नाही. चालताना पावलं वाजायची नाहीत, त्यामुळे ते आलेत हे आधी पोरांच्या चेहऱ्यांवरून कळायचं. चारबोटेला ते काका म्हणायचे, रोज हाताची चौकशी करायचे. "हात बरा आहे ना, काका?" पहिल्यांदा चारबोटेला भरून आलं. मग ते रोजचं झालं. मग त्याला हात पाठीमागे न्यावासा वाटायला लागलं, का ते सांगता येईना.

फाटकासमोर शिंप्याचं दुकान. शाळेचे सगळे झगे त्याच्याच मशिनवर शिवलेले, चारबोटेच्याच हाताने मापलेले. दोघे जुने मित्र. शिंप्याला एक नातू, शाळेतच शिकणारा, आणि त्या पोराच्या जिभेला हाड नव्हतं. आईबाप नव्हते, आजोबांनी मशिनच्या आवाजात वाढवलेला, म्हणून मोठ्याने बोलायची सवय. एक दिवस अधीक्षक वर्गात नियम समजावत होते, तेव्हा याने उभं राहून विचारलं, "मोठ्या गुरुजींची बोटं तर मोठ्या गुरुजींबरोबर गेली. मग आता नियम कुणाच्या बोटांचा? गांधीलमाशी चावली की नियम बदलतो का?"

वर्ग हसला. अधीक्षकही हसले. "छान प्रश्न आहे," म्हणाले. "बस."

दुसऱ्या दिवसापासून ते मोजणीच्या वेळी चारबोटेच्या मागे येऊन उभे राहायला लागले. बोलायचं काही नाही. फक्त त्यांची सावली पोराच्या झग्यावर पडायची, आणि त्या सावलीत बोटं लावावी लागायची.

मग फाटकाच्या खांबाला रंग द्यायचं निघालं. जुन्या चुन्याचे पोपडे काढताना गवंड्याने हाक मारली. चारबोटे गेला. गिलाव्यात एक हात उमटलेला होता, बोटं पसरलेला, ओल्या गिलाव्यात कुणीतरी मुद्दाम दाबलेला. खाली खिळ्याने कोरलं होतं: मोठ्या गुरुजींचं नाव.

अधीक्षक कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. "लावून बघा, काका."

चारबोटेने हात लावला. त्याच्या हाताखाली तो ठसा दिसेनासाच झाला. मोठ्या गुरुजींची चार बोटं त्याच्या तीन बोटांत मावत होती. कधीच जुळला नव्हता तो हात. गुरुजींनी डोळे मिचकावले होते ते कशासाठी, हे त्याला आत्ता, पांढऱ्या केसांनी, खांबाला टेकून उभं असताना कळलं. नोकरी मागायला आलेल्या पोराला त्यांनी नोकरी दिली होती, एवढंच. आणि त्याने त्या हाताने किती पोरं परत पाठवली होती. पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन रडत गेलेला एक तर त्याला अजून स्वप्नात यायचा.

"चुना मार परत," अधीक्षक गवंड्याला म्हणाले. तो पाणी आणायला गेला तेव्हा ते चारबोटेकडे वळले. "काळजी करू नका. हे आपल्या दोघांत राहील. तुमची नोकरी, शाळेमागची राहायची खोली, सगळं आहे तसंच. तुम्ही फक्त हात लावायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे मोजायचं मी बघतो." ते हसले. "उद्या शिंप्याचा नातू. झगा लोळतोय त्याचा."

"लोळत नाही, साहेब. मीच मापलाय."

"म्हणून तर," अधीक्षक म्हणाले.

नियमभंगासाठी काढलेल्या मुलाला त्या धर्माच्या दुसऱ्या कुठल्याही शाळेत घेत नसत. ते सगळ्यांना ठाऊक होतं. आणि शिंप्याच्या हातचा झगा चुकीचा ठरला, की शिंप्याचं दुकानही बसलंच.

संध्याकाळी चारबोटे दुकानात जाऊन बसला. शिंपी सुईत दोरा ओवत होता.

"काय रे, तोंड असं का? बायकोने पोटाचा खर्च परवडत नाही म्हणून सांगितलं का?"

"उद्या तुझ्या नातवाचा झगा लोळणार आहे."

शिंप्याने दोरा ओवला, गाठ मारली. "मग उसवून वर घेतो. त्यात काय. किती घेऊ?"

"कितीही घे."

"कितीही म्हणजे? मापाने बोल की लेका. जन्मभर मापाने बोललास."

"लांबीचा प्रश्नच नाही त्यात," चारबोटे म्हणाला.

शिंप्याची सुई तशीच हवेत राहिली. पोरगा आत पाठ म्हणत होता, मोठ्याने, नेहमीसारखा. दोघेही म्हातारे ते ऐकत बसले. पाठ संपला तेव्हा शिंपी एवढंच म्हणाला, "हळू म्हणायला शिकवायला हवं होतं मी ह्याला."

सकाळी रांग लागली. चारबोटेने गुडघा टेकला. एकेक पाय येत होता, एकेक काठ. "पुढचा. पुढचा." मग शिंप्याच्या नातवाच्या जुन्या, ठिगळ लावलेल्या चपला आल्या, आणि मागून सावली थोडी पुढे सरकली.

चारबोटेने बोटं लावली. "बरोबर आहे."

"परत बघा, काका."

त्याने परत लावली. "बरोबर आहे."

"परत."

चारबोटे उठला. गुडघ्यावरची धूळ झटकली, कमरेच्या किल्ल्या काढल्या आणि फाटकाच्या खांबापाशी जाऊन नवा चुना खरवडायला लागला. पांढरी धूळ त्याच्या मिशांवर बसली. आधी अंगठा दिसला, मग बोटं, मग नाव. त्याने आपला हात त्या ठशावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा, आणि काढला.

"बघा रे पोरांनो," तो म्हणाला. "हा मोठ्या गुरुजींचा हात. आणि हा माझा. माझा हात चुकीचा आहे, पहिल्यापासून. याने मापला म्हणून ह्या पोराचा झगा चुकला, कबूल. पण मग तुम्हा सगळ्यांचाच चुकला. एकट्याला काढता येणार नाही."

आयुष्यात तो एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. छाती हलकी झाली होती. अधीक्षकांनी ठशाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग त्यांचा चेहरा असा उजळला, जणू घरात हरवलेली वस्तू सापडावी.

"आत चला, मुलांनो," ते म्हणाले.

शिंप्याचा नातूही आत गेला. त्या दिवशी चारबोटेला कुणी काही बोललं नाही. बायको म्हणाली, "सुटलात की." तो म्हणाला, "हो." पण अधीक्षकांचा तो उजळलेला चेहरा डोळ्यांसमोरून हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी फाटक उघडायला गेला, तर खांबाला ओल्या गिलाव्याचा वास येत होता. जुना गिलावा ठशासकट फोडून काढला होता. खाली त्याचे तुकडे पाटीत भरून ठेवले होते. नवा थापला होता, आणि त्यात नवा हात उमटलेला. बोटं लांब, बारीक, मोठ्या गुरुजींच्या बोटांहून बारीक. खाली नाव कोरायची गरज कुणाला वाटली नव्हती.

"या, काका." अधीक्षकांच्या बोटांच्या कडांना अजून राखाडी गिलावा चिकटलेला होता. "काल तुम्ही फार मोठी मदत केलीत. मी वेडा, एकेकाला शोधत बसलो होतो. तुम्ही बरोबर बोललात, सगळ्यांचाच चुकलाय. या मापाने शाळेत एकाचाही झगा बरोबर नाही, सगळे तोकडे." आवाज तसाच मऊ. "आता चुकलेला शोधायचाच नाही. कुणाला माफ करायचं, तेवढंच बघायचं. बसा, सुरू करा. कुणापासूनही."

रांग लागली होती. काल ज्यांनी मोठ्या गुरुजींचा हात पाहिला होता, ती पोरं आज कुठेच बघत नव्हती. प्रत्येकजण खाली आपापल्या काठाकडे बघत होता, काहीजण हळूच गुडघे वाकवून झगा खाली दिसतो का ते पाहत होते. पहिला होता शिंप्याचा नातू. तोही गप्प होता. त्याच्या आजोबांना जे शिकवायला जमलं नव्हतं, ते त्या ओल्या हाताने एका सकाळीत शिकवलं होतं.

चारबोटेने गुडघा टेकायला कमरेत वाकल्यासारखं केलं. पण तो टेकलाच नाही. त्याने पोराचा हात धरला, तोच आपला जपलेला, चुकीचा हात पुढे करून, आणि फाटकाबाहेर चालू लागला. मागची खोली, बायकोची चूल, सगळं त्या एका पावलात मागे राहिलं हे त्याला कळत होतं.

"कुठे चाललोय, चारबोटे आजोबा?" पोराने विचारलं, अगदी हळू.

"तुझ्या आजोबाकडे. मोठ्याने बोल. मला ऐकू येत नाही."

पोरगा मोठ्याने बोलला नाही.

रस्ता अर्धा ओलांडून झाला तेव्हा चारबोटेला वाटलं, मागून कुणी हाक मारेल, निदान रांग तरी मोडेल. त्याने वळून पाहिलं. पोराची मोकळी झालेली जागा दिसत नव्हती. रांग एक पाऊल पुढे सरकली होती. फाटकात वरच्या वर्गातला एक मोठा मुलगा गुडघा टेकून बसला होता, अधीक्षकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि त्या मुलाने आडवी धरलेली बोटं पहिल्या घोट्याला लावली.

समोर दुकानात शिंप्याचं मशिन थांबलं. आणि चारबोटेला त्याचाच शब्द ऐकू आला, कोवळ्या, फुटत्या आवाजातला.

"पुढचा."