बंबातला धूर

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ठाऊक नाही.

सातपूरच्या कारखान्यांत पाळीत काम करणाऱ्यांची आमची वसाहत. मी पत्रकं लिहायचो. महागाईवर, हुंड्यावर आणि त्या थंडीत कचरा जाळण्यावर. प्लास्टिकचा, रबराचा धूर म्हणजे विष. तो छातीत बसतो, राख मातीत उतरते. यातला शब्दही मी आज बदलणार नाही.

शेजारच्या कमलमावशींना दमा होता. पहाटे त्या खोकायला लागल्या की ऐकवत नसे. दोषी कोण? मी लगेच शोधला — वसाहतीच्या पार त्या टोकाला पालापाचोळा पेटवून शेकणारे तुळशीरामकाका. भर सभेत त्यांचं नाव घेतलं.

"लेखकराव, पानं जाळतो मी. तिथून इथवर धूर काय बसनं येतो का?"

लोक हसले. मग मी आणखी जोरात बोललो. काकांची शेकोटी बंद झाली.

खोकला मात्र चालूच. का थांबेल? आता सांगतो — आमचा अंघोळीच्या पाण्याचा बंब मावशींच्या खिडकीखाली होता आणि तो पेटवायचं काम माझं. लाकडं ओली, म्हणून मी काय घालायचो? तुटक्या स्लिपरा, सायकलची ट्यूब, दुधाच्या पिशव्या. वर उरलेली पत्रकं — छान पेटायची. याला आमच्याकडे कुणी कचरा जाळणं म्हणतच नसे. हे पाणी तापवणं. मीही तसंच समजत होतो, अगदी मनापासून — एका सकाळी काळा धूर त्या खिडकीत शिरताना बघेपर्यंत. आत मावशींचा श्वास अडकला. मी तो ऐकला.

मग मी काय केलं? गुपचूप सुकी लाकडं आणली. थोड्याच दिवसांत मावशी पहाटे शांत झोपू लागल्या.

"उशिरा का होईना, शेकोटी बंद केल्याचा गुण आला बाई," सगळे म्हणाले. माझा सत्कार ठरला. मी हार घालून घेतला, वर भाषणही केलं — बरंच लांब.

ते संपल्यावर तुळशीरामकाका कानटोपी काढून पुढे आले. मावशींना हात जोडले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चुकलं पोरा माझं. मला नाय कळलं."

सगळे बघत होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला — आणि त्यांना माफ केलं.