शंभर ग्रॅम कोथिंबीर

रुग्णालयाच्या स्वयंपाकघराबाहेर एक काळा फळा आहे आणि त्यावर दर सोमवारी दोन पदार्थांची कुस्ती लागते. कधी गाजर विरुद्ध बीट, कधी दूध विरुद्ध दही. ही कुस्ती लावणारी बाई आत आहारविभागात रुग्णांची ताटं मोजूनमापून भरते. तिला सगळे फळाताई म्हणतात. अक्षर असं मोत्यासारखं की डॉक्टरही थांबून वाचतात, आणि अक्षराच्या बाबतीत डॉक्टरांना थांबवणं हे काही खायचं काम नाही.

त्या सोमवारी तिनं लिहिलं, ‘लिंबू की कोथिंबीर? प्रत्येकी शंभर ग्रॅम.’ सी जीवनसत्त्वात लिंबानं कोथिंबिरीला सरळ मागे टाकलं, जवळजवळ दुपटीनं. मग कोथिंबिरीनं बाह्या सरसावल्या. लोह, कॅल्शियम, पोटॅशियम, ए जीवनसत्त्व, एकेका रकान्यात लिंबाला लोळवलं. शेवटचा रकाना के जीवनसत्त्वाचा होता. तिथं कोथिंबिरीकडे ढीगभर आणि लिंबाकडे जवळपास भोपळा. पण फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात फळाताईनं आधीच डोळे वटारलेलं, मिशा पिळलेलं एक लिंबू काढून ठेवलं होतं. रकाना मावेना. लिंबू पुसायचं तिच्या जिवावर आलं.

“के कोण विचारतंय!” असं म्हणून तिनं हातावरचा खडू झटकला आणि खाली ठसठशीत लिहिलं, ‘निकाल : कोथिंबिरीनं लिंबाला चीतपट केलं!’

के कोण विचारतंय, असं जगात कुणीही म्हणावं, पण तिनं म्हणायला नको होतं. कारण तिचे वडील.

अण्णांनी चाळीस वर्षं भाजीच्या घाऊक बाजारात तोलण्याचं काम केलं. बाजारात त्यांचं नाव काटेकोर. बटाट्याला चिकटलेली मातीसुद्धा वजनातून वजा करणारा माणूस. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयातली एक झडप बदलून धातूची बसवली. तेव्हापासून दुपारी पंखा बंद केला, घर शांत झालं, की अण्णांच्या शर्टातून टिक, टिक असा बारीक आवाज येतो. घरात राहणारी आत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, “आमच्याकडे दोन घड्याळं. एक भिंतीवर, एक माझ्या भावाच्या छातीत. भिंतीवरचं मागे पडतं.”

त्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून अण्णा रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. के जीवनसत्त्व त्या गोळीच्या मुळावर येतं. पालेभाजीत ते भरपूर असतं, म्हणून पालेभाजी आठवड्यातून दोनदा, एकच वाटी, कमी नाही आणि जास्त नाही. हा नियम फळाताईनंच घातला होता आणि अण्णांनी तो वजनाच्या मापासारखा पाळला होता. फक्त त्या घरात कोथिंबिरीला पालेभाजी कुणीच धरलं नव्हतं. कोथिंबीर म्हणजे वरून भुरभुरायची वस्तू. तिला कोण मोजतंय?

पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी तीनला फळाताई कामावरून घरी आली, तर ओट्यावर अण्णांचा जुना पितळी तराजू मांडलेला. एका पारड्यात शंभर ग्रॅमचं वजन, दुसऱ्यात दोन हिरवी पानं चिकटलेली. मिक्सरच्या भांड्याला हिरवा थर. कचऱ्याच्या डब्यात देठांचा ढीग.

“आत्या, एवढी कोथिंबीर कशाला?”

“मला काय विचारतेस? मी म्हणते, बाजारात तरी उरली का बघ. तुझ्या बापानं सगळी संपवली.” आत्यानं पदर खोचला आणि नक्कल सुरू केली. “सकाळी तू कामावर गेलीस की काटा मांडतो, पानं खुडतो, तोलतो. एक पान जास्त झालं तर काढतो, कमी पडलं तर घालतो. मग वाटतो आणि असं नाक धरून घटाघटा...” तिनं नाक चिमटीत धरून असं तोंड केलं की एरवी फळाताई पोट धरून हसली असती.

 हातातली पिशवी तिथंच ओट्यावर राहिली.

अण्णा खिडकीपाशी खुर्चीत पेपर वाचत होते. तिनं आधी पंखा बंद केला.

“अगं, उकडतंय.”

“अण्णा, जरा गप्प बसा. बोलू नका.” तिनं त्यांच्या छातीला कान लावला. टिक. टिक. येत होता आवाज. पण नेहमीसारखा खणखणीत होता का? तिला तो कापसात गुंडाळल्यासारखा वाटला. मग वाटलं, आपलाच कान धडधडतोय. मग वाटलं, नाही, खरंच दबलाय.

“किती दिवस झाले?”

“नऊ. गेल्या मंगळवारपासून. एकही खाडा नाही,” अण्णा अभिमानानं म्हणाले. “सोमवारी रक्त तपासायला आलो होतो ना, तेव्हा फळा वाचला. म्हटलं, लेक एवढं लिहिते, परक्यांनी वाचायचं आणि बापानं सोडायचं?”

“आणि किती घेता?”

“किती म्हणजे? तूच लिहिलंस, शंभर ग्रॅम. अर्धा इकडे नाही, अर्धा तिकडे नाही. लिंबू बंद केलं. हरलेल्या पैलवानाला कशाला पोसायचं?”

शंभर ग्रॅम हे तुलनेसाठी लिहितात, खाण्यासाठी नाही, हे आहारविभागात सगळ्यांना इतकं ठाऊक असतं की कुणी कुणाला सांगत नाही. शंभर ग्रॅम कोथिंबीर जगात कोण खाणार? एक माणूस खाणार होता, आणि तो तिच्यासमोर बसला होता.

“चप्पल घाला,” ती म्हणाली. “आपण जाऊन येऊ.”

“कुठं? अगं, चहा तरी...”

“अण्णा, चला म्हणते ना!”

तिचा आवाज असा कधी फुटला नव्हता. आत्या दारात येऊन उभी राहिली. 

रिक्षात फळाताई बापाचा हात धरून बसली आणि दर दोन मिनिटांनी विचारत राहिली. “बोटांना मुंग्या येतायत का? जीभ जड वाटते का? दम लागतोय?” अण्णा पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा चिडले. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी स्वतःच जीभ बाहेर काढून आरशात पाहिली. ते पाहून ती जास्त घाबरली.

रक्त दिलं. रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा यायला पाऊण तास. बाकावर बसल्या बसल्या तिच्या डोक्यात एक नवीच भीती शिरली. तो फळा फक्त अण्णांनी थोडाच वाचला? काठी टेकत येणाऱ्या एका आजीबाईंनी सगळा तक्ता चिठ्ठीवर उतरवून घेतला होता. “बाई, तुमच्यामुळं कळतं हो आम्हाला,” असंही म्हणाल्या होत्या. त्या कुठल्या गोळ्या घेत असतील?

“आलेच,” म्हणून ती उठली, जवळजवळ धावतच स्वयंपाकघरापाशी गेली. फळ्यावर या आठवड्याची काकडी आणि टोमॅटो होते. तिनं ते हातानंच पुसून टाकले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं. ‘मागच्या आठवड्यात एक रकाना राहिला. कोथिंबिरीत के जीवनसत्त्व खूप असतं. रक्त पातळ ठेवायची गोळी घेणाऱ्यांनी ती अचानक वाढवू नये. वाढवली असेल तर आजच डॉक्टरांना भेटा. चूक माझी.’  आयुष्यात पहिल्यांदा तिच्या ओळी उताराला लागल्या होत्या.

परत आली तेव्हा रक्ततपासणीच्या खिडकीतला माणूस अर्धे शब्द गिळत नाव पुकारत होता. कागदावर आकडा होता एक पूर्णांक चार. हवा होता अडीच ते साडेतीन.

अण्णांनी चष्मा वर करून वाचला. “म्हणजे माप कमी भरलं.”

“हो.”

“बरंच कमी.” चाळीस वर्षं दुसऱ्यांची मापं धरणाऱ्या माणसानं कागद उजेडाकडे धरून आकडा पुन्हा वाचला.

अण्णांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “घाबरायचं नाही हं. अजिबात घाबरायचं नाही.” दोनदा म्हणाल्या, म्हणजे घाबरायचं कारण होतं. आता छातीवर यंत्र फिरवून झडपेवर गुठळी आहे का ते बघायचं होतं.

“मॅडम, तो फळा माझा होता,” ती म्हणाली.

“माहितीये. मी वाचला होता.” डॉक्टरीणबाई क्षणभर थांबल्या. “लिंबाच्या मिशीला हसून पुढं गेले. मलाही सुचलं नाही.”

आतल्या अंधाऱ्या खोलीत अण्णा डाव्या कुशीवर निजले. पडद्यावर करडी सावली उघडत होती, मिटत होती.  यंत्र फिरवणाऱ्या मुलीचा चेहरा वाचायला जावं तर तो कोऱ्या पाटीसारखा. एका जागी तिनं हात थांबवला, पुन्हा मागे नेला, पुन्हा थांबवला. 

“झडपेच्या दोन्ही पाकळ्या नीट हलतायत,” मुलगी शेवटी म्हणाली. “गुठळी दिसत नाही.”

तरी सहा दिवस अण्णांना दाखल ठेवलं, रक्त पातळ करणाऱ्या औषधाच्या सुया पोटात टोचल्या, आकडा रोज मोजला. एक पूर्णांक सहा. एक पूर्णांक नऊ. दोन पूर्णांक दोन. तिथं तो दोन दिवस अडून बसला, आणि ते दोन दिवस फळाताई दर तासाला काही ना काही कारण काढून वॉर्डात डोकावत राहिली. सहाव्या दिवशी सकाळी दोन पूर्णांक सात. काठीवाल्या आजीबाईही त्याच दिवशी भेटल्या. “मी कुठली खाते बाई, दातच नाहीत,” त्या म्हणाल्या. मिक्सरचा पत्ता त्यांना कुणी दिलाच नव्हता. फळाताई भिंतीला टेकून हसली आणि मग तिनं तोंड फिरवून डोळे पुसले.

घरी आल्यावर अण्णांनी सगळ्यात आधी तराजू मागितला.

“आता कशाला?” आत्या खेकसली.

“डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चिमूटभर चालेल, पण रोज तेवढीच. चिमूट म्हणजे किती?”

“चिमूट म्हणजे चिमूट!”

“असं कसं? कुणाची चिमूट? तुझी की माझी?”

एरवी फळाताईनं कपाळावर हात मारला असता. आज तिनं निमूटपणे कोथिंबिरीची चार पानं खुडली, चिमटीत धरली आणि पारड्यात ठेवली. पारडं हललंसुद्धा नाही. अण्णांनी लहानात लहान वजन शोधून काढलं आणि दोघं काट्याकडे बघत राहिले. मग तिनं हात लांब करून पंखा बंद केला, आणि काटा स्थिर होईपर्यंत कान देऊन दुसरंच काहीतरी मोजत उभी राहिली.