जोसेफ का जेवत नव्हता

नोकरी सुटली तरी ऑफिसातले किस्से सुटत नाहीत. जुन्या चष्म्यांसारखे ते घरात कुठेही सापडतात. टाकवत नाहीत आणि वापरताही येत नाहीत!

मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका ॲल्युमिनियमच्या कंपनीत जन्मभर क्लार्क होतो. आता शारजाला मुलाच्या फ्लॅटमध्ये, मुलाच्या व्हिसावर राहतो. मित्र विचारतात, "कर्णिक, तुमच्या प्रत्येक किश्शात तो सॅम्युएल कसा येतो हो?" येतो, कारण मी त्याचा मनापासून हेवा करतो. हेवा करायचा तर माणूस नीट बघावा लागतो. नीट बघितला की किस्से आपोआप जमतात.

*

सॅम्युएल घानाचा. वेअरहाऊसमध्ये सुपरवायझर होता, तिथून ऑपरेशन्स मॅनेजर झाला. त्या दिवशी यार्डातले घाना, युगांडा, केनिया, नायजेरियाचे सगळे गडी गेटवर जमले. टाळ्या, गाणी, केक. त्याला चक्क खांद्यावर घेतलं! गेटवरचा सिक्युरिटी गार्ड जोसेफ, युगांडाचा, दाराएवढा रुंद माणूस. तो असा रडत होता की मला वाटलं प्रमोशन त्याचंच झालंय.

त्याच दिवशी आमचे पुण्याचे सबनीस परचेस मॅनेजर झाले. मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दणादण 'अभिनंदन' आले, जोडलेले हात आले, पुष्पगुच्छ आले. मग खाजगी फोन सुरू झाले. "याचा नंबर कसा लागला हो?" मला असे फोन आले. मीही केले.

संध्याकाळी सबनीस पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या टेबलापाशी आले. अर्धा त्यांनीच संपवला होता. खिडकीतून सॅम्युएलची मिरवणूक दिसत होती.

"कर्णिक, आपल्यात असं कोणी उचलत नाही, नाही का?"

"उचलतात की, सबनीस. पण त्यासाठी आधी मरावं लागतं!"

*

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये सबनीसांनी आदल्या दिवशीची जळजळ बाहेर काढली. "फार आवाज करतात हो हे काळे लोक."

सबनीस माझ्याहून काळे आहेत. मी स्वतः लग्नाच्या बाजारात 'सावळा, पण हुशार' म्हणून खपलेला माणूस. तेव्हा काय ते समजून घ्या.

अकाउंट्समधला डॉमनिक, आमचा वसईकर, समोर बसला होता. त्याने चमचा खाली ठेवला.

"सबनीस साहेब, दुबई मरीनाला कंपनीची पार्टी होती. त्या गोऱ्या क्लायंटने तुम्हाला ड्रायव्हर समजून हातात गाडीची किल्ली दिली होती. तेव्हा तुम्ही केवढा आवाज केला होता?"

सबनीस आमटी ढवळत राहिले.

"पार्क केलीत ना गाडी?"

"जागा चांगली मिळाली होती," सबनीस म्हणाले.

*

मग सॅम्युएलने कॅन्टीनमध्ये ब्लड प्रेशरचं मशीन आणून ठेवलं. कशासाठी, ते त्याने मला कॉरिडॉरमध्ये थांबवून सांगितलं.

"माझ्या वडिलांना लघवीचा त्रास होता, अंकल. घरात कोणालाच माहीत नव्हतं. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. निघाला तोवर खलास. पुरुष होते ना! पुरुष सांगत नाहीत. आमच्याकडे तर अजिबात नाही. म्हणून सुरुवात बीपीपासून."

मी मान हलवली आणि घाईघाईने पुढे गेलो. कारण मी बाथरूमच्याच वाटेवर होतो आणि त्या सकाळी ती काही पहिली खेप नव्हती. बाथरूम गेटजवळ. तिथे जोसेफ बसलेला असायचा. एकदा तो हळूच म्हणाला होता, "अंकल, डॉक्टरला दाखवा."

मी म्हणालो, "इन्शाल्ला."

इतकी वर्षं इथे राहून अरबीतला मला सर्वांत उपयोगी पडलेला शब्द तो हाच.

तर ते मशीन. सॅम्युएलची माणसं बाह्या वर करून रांगेत उभी राहायची. आकडा मोठ्याने वाचायचा. जरा चढा असला की सगळे एका सुरात ओरडायचे, "मीठ! मीठ कमी कर!" आणि ज्याला ओरडले तोच सर्वांत जास्त हसायचा. आम्ही आपले लांबून डबे खात बघायचो. इतकी माणसं आपल्यावर ओरडतायत, याचं सुख काय असेल!

आमचा डॉमनिक सगळे गेल्यावर गेला. दार लावून घेतलं, बीपी मोजलं आणि सॅम्युएलला म्हणाला, "आमच्या लोकांना सांगू नकोस."

"नाही सांगणार, ब्रदर. त्यांच्यातल्या कोणी विचारलं तर ना!"

हे मला खुद्द डॉमनिकने सांगितलं. आकडा किती होता ते मी विचारलं नाही.

*

मी रिटायर झालो. घड्याळ मिळालं, शाल मिळाली. सबनीसांनी भाषणात मला 'कंपनीचा कणा' म्हटलं. त्यानंतर कंपनीतल्या कोणालाही कण्याची गरज पडली नाही. फोन आला तो एकच. सॅम्युएलचा.

"अंकल, रविवारी शारजाच्या बागेत या. आम्हाला तुमचा चेहरा पाहिजे."

रविवारी चर्च सुटलं की ही मंडळी बागेत जमायची आणि एकमेकांचे खोटे इंटरव्ह्यू घ्यायची. ड्रायव्हरला डिस्पॅचर व्हायचं असायचं, हेल्परला स्टोअरकीपर. जोसेफला गेट सोडून सेफ्टी ऑफिसर व्हायचं होतं. पण समोर आपलाच माणूस बसला की त्यांना हसू यायचं.

"तुमच्या चेहऱ्यावर रिजेक्ट लिहिलेलं आहे," सॅम्युएल म्हणाला. "तुम्ही समोर बसलात की कोणाला हसू येणार नाही."

मला एका बर्फाच्या पेटीवर बसवलं. मी जोसेफला विचारलं, "आम्ही तुम्हाला का घ्यावं?" तो घामाघूम झाला. मागून पंधरावीस जण ओरडले, "सांग ना! मागच्या वर्षी आग कोणी विझवली?" जोसेफने सांगितलं. मी नेहमीप्रमाणे तोंड वाकडं केलं. त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी माझ्या डोळ्यांत बघून.

जोसेफला नोकरी मिळाली! सगळ्यांनी त्याला उचलायचा प्रयत्न केला. उचलला गेला नाही, पण प्रयत्न झाला. आमच्या माणसांना मी किती इंटरव्ह्यूंना जाताना पाहिलं, पण कोणी सांगून गेलेला आठवत नाही. नजर लागते ना!

*

त्या बागेतला जेवणाचा नियम मात्र जगावेगळा होता.

जेवण म्हणजे टोमॅटोत शिजवलेला लालभडक तिखट भात आणि तळलेला मासा. मी पहिल्यांदा गेलो त्या रविवारी एक ड्रायव्हर रिकामी प्लेट घेऊन बसला होता. शेजारचा दुसरा ड्रायव्हर जेवत होता, पण घास काही उतरत नव्हता. शेवटी त्याने प्लेट सारली आणि ओरडला, "उद्या! उद्या सकाळी जातो!" टाळ्यांचा कडकडाट!

सॅम्युएलने मला समजावलं. इथे प्रत्येकाला एक जोडीदार. कोणी डॉक्टरकडे जायचं टाळत असेल तर त्याला एका शब्दाने बोलायचं नाही. त्याने पोटभर जेवायचं. रविवारी उपाशी राहायचं ते त्याच्या जोडीदाराने! तो डॉक्टरच्या दारातून आत गेला की जोडीदार जेवायला मोकळा.

"पण सरळ सांगत का नाही?"

"अंकल, सांगून पुरुष ऐकत असते तर बायकांनी आपल्याला केव्हाच बरं केलं असतं!"

निघताना तो म्हणाला, "आज तुम्ही पाहुणे. पुन्हा आलात तर भाऊ." मीही हसून मान डोलावली. 'घर आपलंच समजा' असं आपण कितीतरी लोकांना म्हणतो. ते कोणी खरंच समजलं तर पंचाईत होईल.

मी हा नियम आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत सुचवला. सबनीस उत्साहाने म्हणाले, "माझ्या जोडीदाराला उपाशी ठेवायला मी एका पायावर तयार आहे. कोण आहे तेवढं सांगा!"

*

मी पुन्हा गेलो. मग जातच राहिलो.

घरी बायको म्हणायची, "अहो, किती वेळा उठता हो! दाखवा ना एकदा डॉक्टरला." मी म्हणायचो, वेळ नाही. रिटायर माणूस! सॅम्युएलच्या वडिलांसारखं काही निघालं तर, ही भीती होती. पण भीती वाटते असं म्हणण्यापेक्षा वेळ नाही म्हणणं बरं दिसतं.

बागेत मात्र मी व्यवस्थित जेवायचो. माझ्या शेजारी जोसेफ बसायचा, रिकामी प्लेट घेऊन. एकदा मला राहवलं नाही. आपल्याकडच्या पंगतीतल्यासारखा आग्रह केला. "घे रे, एवढासा तर आहे," म्हणत चांगला मोठा मासा त्याच्या प्लेटमध्ये टाकला. आजूबाजूच्या माना आमच्याकडे वळल्या. जोसेफने त्या माशाकडे क्षणभर प्रेमाने पाहिलं आणि तो उचलून माझ्या प्लेटमध्ये ठेवला.

"तुम्ही खा, अंकल."

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "जोसेफ डाएटवर आहे. नवी नोकरी, नवा युनिफॉर्म, आता फिगरही! एकेकाचं नशीब असतं."

"का जेवत नाही, ते विचारलंत का?"

"असं कसं विचारायचं?"

*

पुढच्या रविवारी सबनीस माझ्याबरोबर आले. म्हणाले, बघू तरी तुम्ही काय एवढं सांगता ते. त्यांना भाताची प्लेट मिळाली. खाता खाता त्यांचं लक्ष जोसेफकडे गेलं. नियम त्यांना मी सांगितलेलाच होता.

"ये भूखा क्यों बैठा है?" सबनीस सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "इसका पार्टनर कौन है? कैसा आदमी है यार, मजे से खा रहा होगा!"

सॅम्युएल भातवाढी खाली ठेवून उगाच झाडाकडे बघू लागला. बाकीचे आपापल्या प्लेटमध्ये बघत होते. एकटा जोसेफ माझ्या प्लेटमध्ये बघत होता.

माझ्या तोंडात मासा होता.

परतताना गाडी सिग्नलला थांबल्यावर सबनीस म्हणाले, "कर्णिक, कधीपासून उपाशी राहतोय हो तो तुमच्यासाठी?" आवाजात चक्क हेवा होता. जन्मात पहिल्यांदा कोणी माझा हेवा केला, आणि मला तो धड उपभोगता आला नाही.

रात्री मी जोसेफला मेसेज टाकला, 'उद्या सकाळी,' आणि खाली क्लिनिकचं नाव. सोमवारी सकाळी मी क्लिनिकमध्ये गेलो. जोसेफ आधीच येऊन बसला होता, नव्या युनिफॉर्ममध्ये. मांडीवर डबा. कालचा भात सॅम्युएलने राखून ठेवला होता.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंटबरोबर कोण आहे?"

"भाऊ," जोसेफ म्हणाला.

तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तसंच टाइप केलं.

आम्ही शेजारी शेजारी बसलो. "जोसेफ," मी म्हणालो, "भीती वाटते रे."

"माहीत आहे, अंकल."

"कर्णिक!" नर्सने हाक मारली आणि डॉक्टरांचं दार उघडून धरलं. मी उठलो. आत पाऊल टाकलं, आणि मागे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला.